नव्वद अंशांचं वळण

फळमाशीच्या डोळ्यात मधोमध एक रेघ असते. बाहेरून ती दिसत नाही. डोळ्याचा अगदी पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की ती उमटते. फळमाशीचा प्रत्येक डोळा सुमारे ७५० नेत्रिकांचा बनलेला असतो आणि दर नेत्रिकेत आठ प्रकाशग्राही पेशी असतात. त्यांतल्या दोन एकीखाली एक असल्यामुळे कापात एका वेळी सातच दिसतात, आणि या सातांचा मिळून एक वेडावाकडा चौकोन होतो. रेघेच्या वर सगळ्या चौकोनांचं टोक वरच्या दिशेला, रेघेखाली सगळ्यांचं खालच्या दिशेला. वरचा अर्धा डोळा म्हणजे खालच्या अर्ध्याचं आरशातलं प्रतिबिंबच. डीट्रिख या जर्मन अभ्यासकाने १९०९ साली माश्यांच्या संयुक्त डोळ्यांवरच्या प्रबंधात ही मांडणी नोंदवली. पुढे या रेघेला विषुववृत्त हे नाव पडलं.

ही मांडणी शोभेसाठी नाही. १९६७ साली कुनो किर्शफेल्ड यांनी घरमाशीच्या डोळ्यावर काम करून दाखवलं, की एका नेत्रिकेतल्या प्रकाशग्राही पेशी वेगवेगळ्या दिशांना पाहतात, आणि शेजारच्या निरनिराळ्या नेत्रिकांमधल्या ज्या पेशी एकाच बिंदूकडे पाहतात त्यांचे तंतू मेंदूत एकत्र जोडले जातात. हा हिशेब जुळायचा तर प्रत्येक नेत्रिका नेमक्या कोनात बसलेली हवी. एखादी जरी तिरकी बसली तरी तिचे तंतू भलत्याच बिंदूची खबर नेतील.

आणि या नेत्रिका मुळात त्या कोनात नसतात. अळीच्या अंगात पुढच्या डोळ्यासाठी पेशींचा एक नाजूक पापुद्रा वाढत असतो. त्यात प्रकाशग्राही पेशींचे पुंजके प्रथम तयार होतात तेव्हा ते सगळे एकाच दिशेला तोंड करून असतात. मग विषुववृत्ताच्या वरचे पुंजके एका अंगाने वळायला लागतात, खालचे दुसऱ्या अंगाने, आणि नव्वद अंश फिरून थांबतात. भोवतालच्या पेशी मात्र जागच्या जागी राहतात. पापुद्रा अखंड असतो, दर पेशी शेजारणींना घट्ट चिकटलेली असते, तरीही त्या विणीच्या आत पाच-सात पेशींचा एक गट गटानेच फिरतो आणि वीण कुठेही उसवत नाही. हे कसं होतं, याचा उलगडा व्हायला जवळजवळ एक शतक गेलं. त्या शतकाची ही हकीकत आहे.

फळमाशी प्रयोगशाळेत स्थिरावली ती थॉमस हंट मॉर्गन यांच्यामुळे. १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांना लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि त्याच्या वंशावळीवरून जनुक गुणसूत्रावर असतं हे सिद्ध होत गेलं. १९२८ साली मॉर्गन कॅलिफोर्नियात पासाडेना इथल्या कॅलटेकला गेले आणि माश्यांच्या बाटल्याही त्यांच्याबरोबर गेल्या. आपल्या गोष्टीतलं पुढचं महत्त्वाचं पान त्याच संस्थेत, सेमूर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत लिहिलं गेलं.

बेन्झर मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. विषाणूंच्या जनुकांचा बारीक नकाशा काढून त्यांनी नाव कमावलं, मग साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते माशीच्या वर्तनाकडे वळले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा करणारे ओबेद सिद्दिकी सत्तरीच्या दशकात त्यांच्याकडे काम करत होते. तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवरचा सिद्दिकी आणि बेन्झर यांचा निबंध १९७६ सालचा. कुलाब्यात नंतर माशीच्या मज्जासंस्थेवर जी संशोधनाची परंपरा रुजली तिचं एक मूळ पासाडेनात आहे. आणि त्याच १९७६ साली, त्याच प्रयोगशाळेतून डोनाल्ड रेडी, थॉमस हॅन्सन आणि बेन्झर यांचा माशीच्या नेत्रपटलावरचा निबंध आला. नेत्रपटल ही चेतापेशींची स्फटिकासारखी जाळी आहे, असं त्यांनी शीर्षकातच म्हटलं होतं.

त्या निबंधातला एक प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. प्रश्न असा होता, की एका नेत्रिकेतल्या आठ पेशी एकाच आईपेशीच्या लेकी आहेत का? त्या काळी ते अगदी शक्य वाटत होतं. आठ म्हणजे एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, असा हिशेबही बसत होता. संशोधकांनी मॉर्गन यांचं तेच पांढऱ्या डोळ्याचं जनुक खूण म्हणून वापरलं. अळीला क्ष-किरणांचा मारा केला की एखाद्या पेशीतून लाल रंगद्रव्य बनवण्याची क्षमता जाते आणि तिची सगळी प्रजा रंगहीन निघते. मोठ्या माशीच्या डोळ्यात मग लाल भागात एक पांढरं ठिगळ दिसतं. रंगाचे कण प्रकाशग्राही पेशींमध्येही असतात, त्यामुळे ठिगळाच्या हद्दीवरची नेत्रिका कापून पाहिली तर पेशी-पेशीचं कुळ कळतं. आठही पेशी एका कुळातल्या असत्या तर हद्दीवरची प्रत्येक नेत्रिका एक तर पूर्ण लाल, नाही तर पूर्ण पांढरी दिसली असती. प्रत्यक्षात तिथल्या नेत्रिका सरमिसळ निघाल्या. कुठे तीन लाल पाच पांढऱ्या, कुठे उलट. नेत्रिका कुळाने बनत नव्हती. शेजाराने बनत होती.

मला हा निकाल फार मोठा वाटतो. कारण इथून पुढे पेशी कुणाची, या प्रश्नाला अर्थ उरला नाही. ती कुणाला चिकटून बसली आहे, हा प्रश्न उरला. अळीच्या पापुद्र्यावर एक उथळ चर मागून पुढे सरकत जातो आणि त्याच्या मागे पुंजक्यांच्या रांगा उभ्या राहतात, हेही त्याच निबंधात आलं. अँड्र्यू टॉमलिन्सन आणि रेडी यांनी १९८७ साली पुंजक्यातला प्रवेशक्रम सांगितला. आधी क्रमांक आठची पेशी, मग दोन आणि पाच ही जोडी, मग तीन आणि चार, मग एक आणि सहा, शेवटी सातवी.

पण शेजार म्हणजे काय, याचं उत्तर त्या दशकात एकाच दिशेने शोधलं गेलं: शेजारीण शेजारणीला निरोप देते. त्याला कारण होतं. सातवी पेशीच नसलेली, म्हणून ‘सेव्हनलेस’ नावाची माशी बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत सापडली होती. अतिनील आणि हिरवा असे दोन दिवे लावले तर साधी माशी अतिनीलकडे जाते, ही हिरव्याकडे जायची. १९८७ साली हे जनुक दोन गटांनी वेगळं काढलं. बेन्झर यांच्याकडून निघालेल्या निबंधाचे पहिले लेखक उत्पल बॅनर्जी होते. सेव्हनलेस हा पेशीच्या पृष्ठभागावरचा निरोप घेणारा रेणू निघाला, आणि त्याच्यामागची साखळी कर्करोगात बिघडणाऱ्या ‘रास’ या प्रथिनापर्यंत जाऊन पोचली. एवढं घबाड हाती लागल्यावर सगळ्यांचं लक्ष निरोपांकडे लागलं तर नवल नाही. पेशींना एकत्र धरणारा चिकटपणा मात्र भिंतीतल्या चुन्यासारखा गृहीत धरला गेला.

खरं तर चिकटपणाचा अभ्यास माशीपेक्षाही जुना. १९०७ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक विणीच्या रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पाण्यात पुन्हा एकमेकींना शोधत आल्या आणि त्यांचा पुन्हा स्पंज झाला. १९५५ साली योहानेस होल्टफ्रेटर आणि फिलिप टाउन्स यांनी उभयचरांच्या भ्रूणपेशी अशाच सुट्या करून मिसळल्या, तर त्यांनी आपापली प्रतवारी केली: त्वचेच्या पेशी बाहेर, चेतासंस्थेच्या पेशी आत. साठीच्या दशकात माल्कम स्टाइनबर्ग यांनी त्यामागचं गणित मांडलं. ज्या पेशी एकमेकींना जास्त घट्ट धरतात त्या आत गोळा होतात, ज्या सैल धरतात त्या त्यांना वेढतात. तेल आणि पाणी जसं वेगळं होतं त्याच न्यायाने. पेशींच्या जागा ठरवायला चिकटपणातला फरक पुरे आहे, हा तो दावा होता. मात्र चिकटवणारा रेणू कोणता, हे त्यांच्याकडे नव्हतं.

तो सापडला एका गैरमेळातून. मासातोशी ताकेइची क्योटोहून बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत आले होते. क्योटोत ते पेशी ट्रिप्सिन या विकराने सुट्या करत आणि त्या भराभर पुन्हा गोळा होत. बाल्टिमोरला तोच प्रयोग केला तर पेशी गोळा होईनात. शोधाशोध केल्यावर कळलं, की बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनच्या द्रावणात ईडीटीए मिसळलेलं होतं. ईडीटीए कॅल्शियम बांधून टाकतं. याचा अर्थ असा होता, की पेशींवर असं एक प्रथिन आहे जे कॅल्शियम असताना ट्रिप्सिनला दाद देत नाही, पण कॅल्शियम काढून घेतलं की विकर त्याचा फडशा पाडतं. आणि पेशींना एकत्र आणणारं प्रथिन तेच. १९७७ साली हे छापून आलं. १९८४ साली त्याला कॅडहेरिन हे नाव मिळालं. एकमेकींना न चिकटणाऱ्या पेशींमध्ये कॅडहेरिनचं जनुक घातलं तर त्या चिकटू लागल्या. दोन प्रकारची कॅडहेरिनं दोन गटांत घातली तर मिश्रणातून ते दोन गट आपोआप वेगळे झाले. स्टाइनबर्ग यांच्या गणिताला हाडामांसाचा रेणू मिळाला. मला या सगळ्यात ताकेइचींचं कौतुक वाटतं ते चिकाटीचं. परक्या प्रयोगशाळेत हुकमी प्रयोग फसला, तर बहुतेक जण जुनी कृती आणून पुढे जातात. त्यांनी त्या फसण्याचाच पाठपुरावा केला.

माशीच्या बाजूनेही दोन धागे येऊन मिळाले. क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांच्या भ्रूणावरच्या मोठ्या शोधमोहिमेत ‘शॉटगन’ आणि ‘आर्माडिलो’ अशी दोन जनुकं नोंदली गेली होती. नव्वदीच्या दशकात कळलं, की शॉटगन म्हणजे माशीचं ई-कॅडहेरिन, आणि आर्माडिलो म्हणजे त्या कॅडहेरिनला पेशीच्या आतून पकडून ठेवणारं बीटा-कॅटेनिन.

आता डोळ्याकडे परतू. १९९४ साली क्वांग-वूक चोई आणि बेन्झर यांनी फिरण्यात बिघाड असलेल्या माश्या तपासल्या. ‘निमो’ जनुक बिघडलेल्या माशीत पुंजके फिरायला लागतात, पण साधारण पंचेचाळीस अंशांवर अडकतात. ‘रूलेट’ नावाच्या माशीत उलट, पुंजके थांबायचं विसरतात आणि भलतीकडे जाऊन बसतात. म्हणजे फिरणं ही एकसलग हालचाल नव्हती. सुरू करणं, पुढे नेणं आणि थांबवणं यांचे कारभारी निरनिराळे होते. वळायचं कोणत्या अंगाने, याचा निर्णय तीन आणि चार क्रमांकांच्या पेशींमध्ये होतो, हेही त्याच दशकात स्पष्ट झालं. विषुववृत्ताजवळची पेशी ‘फ्रिझल्ड’ या रेणूमार्फत येणारा इशारा जास्त घेते आणि तिसरी बनते. ती जोडीतल्या उरलेल्या पेशीला ‘नॉच’मार्फत चौथी बनवते. २००३ साली तीन गटांनी एकाच सुमाराला दाखवलं, की पेशींच्या वाढीशी निगडित असलेला ईजीएफ हा इशाराही फिरण्याच्या मापात हात घालतो. रूलेटमधला बिघाडही त्याच साखळीतला निघाला. इशारे सापडले होते. पण इशारा ऐकून पुंजका प्रत्यक्षात हलतो कसा, हा प्रश्न तसाच होता.

मधल्या काळात दोन निबंधांनी वातावरण बदललं. २००४ साली ताकाशी हायाशी आणि रिचर्ड कार्थ्यू यांनी नेत्रिकेच्या माथ्यावरच्या चार शंकुपेशींकडे पाहिलं. या चार पेशी ज्या आकारात एकमेकींना भिडतात, तोच आकार चार साबणाचे फुगे एकत्र आले की होतो. एका उत्परिवर्तित माशीत शंकुपेशींची संख्या एकपासून सहापर्यंत बदलते. तिथेही दर वेळी मांडणी तितक्याच साबणाच्या फुग्यांसारखी निघाली. ई-कॅडहेरिन सगळ्याच पेशींवर असतं, एन-कॅडहेरिन मात्र इथे फक्त शंकुपेशींवर. म्हणून त्या आपापसात अधिक घट्ट बिलगतात आणि शेजारणींशी बेताने. पुढे २००७ साली कार्थ्यू आणि सहकाऱ्यांनी स्वतःच त्यात भर घातली: नुसता चिकटपणा पुरत नाही, पेशीच्या कडेचं आकुंचनही गणितात धरलं तरच आकार जुळतात.

दुसरा निबंध २००५ सालचा, सुजिन बाओ आणि रॉस केगन यांचा. कोषावस्थेत नेत्रिकांच्या मधल्या जागेत पेशींची गर्दी असते. काही तासांत त्या सरकत सरकत एकेरी रांगेत उभ्या राहतात, उरलेल्या मरून जातात आणि षट्कोनी जाळी पुरी होते. मधल्या पेशींवर ‘रफेस्ट’ नावाचं प्रथिन, नेत्रिकेच्या कडेच्या पेशींवर ‘हिब्रिस’. ही दोन परस्परांना पकडतात. मधल्या पेशीला आपल्यासारखीपेक्षा नेत्रिकेची कड जास्त प्रिय. प्रत्येकीने कडेला जास्तीत जास्त बिलगायचं ठरवलं, तर दोन नेत्रिकांच्या मध्ये एकेरी रांगच उरते. हिब्रिसचा माणसातला भाऊबंद म्हणजे नेफ्रिन. तो मूत्रपिंडाची गाळणी सांधून धरतो, आणि तो बिघडला की बाळ जन्मजात मूत्रपिंडविकार घेऊन येतं.

मग २००६ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय संस्थेतून इव्हाना मिर्कोव्हिक आणि मारेक म्लॉडझिक यांनी फिरणाऱ्या पुंजक्यांवर कॅडहेरिनचा प्रयोग केला. आपल्याला असं वाटेल, की चिकटवणारं प्रथिन कमी केलं तर पुंजका मोकळा होईल आणि जास्त फिरेल. ई-कॅडहेरिनच्या बाबतीत नेमकं उलट झालं. ते बिघडलं तर पुंजके कमी फिरले, काही फिरलेच नाहीत. एन-कॅडहेरिन बिघडलं तर मात्र पुंजके अति वेगाने फिरले. एक चिकटपणा पुढे नेणारा, दुसरा आवरून धरणारा. फुगडी खेळताना हातांची पकड घट्ट असेल तरच वेग घेता येतो. पकड सुटली तर फुगडी उरतच नाही. ई-कॅडहेरिनचं काम मला तसं दिसतं.

या निबंधातली आणखी एक गोष्ट माझ्या मते सगळ्यांत मोलाची आहे. ही दोन कॅडहेरिनं एकमेकांविरुद्ध ओढतात म्हणूनच एका वयाचे पुंजके एका वेळी, एका वेगाने फिरतात. एकटा पुंजका फिरणं ही एक गोष्ट. शेकडो पुंजक्यांनी ताल धरून फिरणं ही वेगळी. आणि फ्रिझल्ड व ईजीएफ हे दोन्ही इशारे याच कॅडहेरिनांवर येऊन ठेपतात. निरोप आणि चिकटपणा ही दोन वेगळी खाती नव्हतीच. निरोप ज्या हाताने अंमलात यायचा, तो हात चिकटपणाचा होता. म्हणून हा निबंध निव्वळ माशीपुरता राहिला नाही. माणसाच्या अनेक कर्करोगांत पेशी मूळ गाठ सोडून पसरू लागतात तेव्हा त्यांच्यावरचं ई-कॅडहेरिन आणि एन-कॅडहेरिन यांचं प्रमाण बदललेलं असतं. लेखकांनी बीजांडकोशाच्या कर्करोगाचा उल्लेख मुद्दाम केला.

पुढचं काम भराभर झालं. २००७ साली टान्या वुल्फ यांच्या गटाने पेशींना आतून ताण देणारं मायोसिन फिरण्यासाठी अत्यावश्यक आहे हे दाखवलं. २०११ साली मिर्कोव्हिक, म्लॉडझिक आणि सहकाऱ्यांनी निमोचं जुनं कोडं सोडवलं. निमो हे विकर बीटा-कॅटेनिनवर फॉस्फेटचा गट बसवतं, म्हणजे थेट कॅडहेरिनच्या आतल्या पकडीवर काम करतं. पंचेचाळीस अंशांवर अडकलेल्या ज्या माश्या बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत सतरा वर्षांपूर्वी मोजल्या गेल्या, त्यांच्यात बिघाड नेमका कुठे होता ते आता रेणूच्या पातळीवर दाखवता आलं.

इथवरचे बहुतेक सगळे निष्कर्ष मारून ठेवलेल्या ऊतींच्या स्थिर चित्रांवरून काढलेले होते. २०२२ साली केविन गॅलाघर, माधव मणी आणि कार्थ्यू यांनी अळीचा नेत्रपापुद्रा शरीराबाहेर जिवंत ठेवून त्याचं चलच्चित्र घेतलं. नव्या रांगेची जागा रासायनिक इशाऱ्यांच्या ठशावरून ठरते असं तोवर मानलं जात होतं. चित्रात दिसलं, की वाढत्या रांगांच्या आघाडीवर एका पट्ट्यात पेशी पसरतात, दुसऱ्या पट्ट्यात आक्रसतात आणि त्यामुळे पेशींचा एक प्रवाह वाहू लागतो. आधी तयार झालेल्या जाळीतल्या पेशी जागच्या हलत नाहीत. वाहणाऱ्या पेशी त्यांना अडून वळतात, त्यांच्या मधल्या जागांत गोळा होतात, आणि तिथेच पुढच्या रांगेचे पुंजके उभे राहतात.